शिक्का कुणाचा ते पुरे, आत काय लिहिले ते दाखवा

पेडणे-डिचोलीतील जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत अजून पोर्तुगीज अमलातली खते सापडतात. मजकूर पोर्तुगीज, वाचून सांगणारा तिसराच, सही मात्र आपल्या पणजोबांची. शिक्का अस्सल होता. अर्थ कळायला वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

हे आठवले ते घरातील लुकलुकणाऱ्या पेटीमुळे. राऊटर म्हणतात तिला. बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, सरकारी दाखल्याचा अर्ज, सारे तिच्यातून जाते. तिला चालवणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बहुधा कंपनीबाहेर कुणालाच वाचता येत नाही.

केंद्र सरकारला धोका उमगला, हे मान्य. 2010 साली चिनी दूरसंचार सामग्री अडवली गेली. गलवाननंतर, डिसेंबर 2020 मध्ये नवा निर्देश मंजूर झाला आणि 15 जून 2021 पासून दूरसंचार कंपन्यांवर 'विश्वासू स्रोता'चीच नवी उपकरणे जाळ्यात जोडण्याचे बंधन आले. एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची आज्ञावलीही सरकारमान्य प्रयोगशाळेपुढे ठेवावी लागते. उत्तम! पण तपासणाऱ्याला काय आढळले, ते नागरिकाला कोण दाखवणार? म्हणजे पुन्हा शिक्काच.

आणि देश पाहून माल निवडला की काम भागते, हा भ्रम आहे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने चिनी हेरांनी काबीज केलेले राऊटरांचे एक जाळे मोडल्याचे जाहीर केले. त्यातले बहुतेक राऊटर सिस्को आणि नेटगिअर या अमेरिकी कंपन्यांचे होते! जुने झाले म्हणून कंपन्यांनी त्यांची दुरुस्ती थांबवली होती. चोर चिनी असेल, पण दार घरच्यांनीच उघडे टाकले होते.

याला उतारा आहे. लिंक्सिसच्या एका राऊटरात लिनक्स वापरले आहे हे जाणकारांनी हुडकले आणि परवान्याच्या अटीमुळे कंपनीला 2003 साली आज्ञावली खुली करावी लागली. त्यातून 'ओपनडब्ल्यूआरटी' उभे राहिले. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कित्येक राऊटर त्यावर आजही चालतात. (कमी स्मृतीच्या स्वस्त पेट्यांवर ते बसत नाही, हेही सांगायला हवे.)

खुले म्हणजे सोवळे, असे आम्ही म्हणत नाही. 2024 मध्ये 'एक्सझेड' या खुल्या आज्ञावलीत कुणीतरी चोरवाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकाचे एक काम अर्ध्या सेकंदाने रेंगाळते असा संशय आला आणि खोलात जाऊन त्याने ती पकडली. आज्ञावली कुलपात असती तर तो कुठे शोधणार होता?

काही मित्र विचारतील, मराठीचा लढा सोडून हे काय काढले? दाखला आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावा म्हणून 1987 च्या राजभाषा कायद्यापासून भांडणारे आपण. तो दाखला ज्या पेटीतून येतो तिच्याबाबत मात्र मुके?

गोवा ब्रॉडबँड नेटवर्कसाठी किंवा पंचायतींसाठी सरकार पुढची उपकरणे घेईल, तेव्हा निविदेत तीन अटी हव्यात: दुरुस्ती किती वर्षे मिळेल ते लेखी, तपासणीचा अहवाल जाहीर, आणि कंपनीने हात झटकले तर खुले फर्मवेअर बसवण्याची मुभा. बसवणार कोण, असे पणजीतले अधिकारी विचारतील. डिचोलीचे तंत्रनिकेतन आणि फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय काय शोभेला आहे? येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. मसुदा संघाच्या कार्यालयात तयार आहे.