गरिबी सगळीकडे सारखी?

इंग्लंडातही लोक फूड बँकेच्या रांगेत उभे असतात, मग बीडच्या गरिबीचं एवढं काय, असं विचारणारं पत्र मागच्या अंकात वाचलं. मी धारूर तालुक्यातला, ऊसतोड कुटुंबातला. सध्या लीड्सला शिकतो. रांग खरी आहे. 2022-23 मध्ये एकट्या ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या केंद्रांनी ब्रिटनभरात सुमारे 30 लाख शिधापाकिटं वाटली. शनिवारी मीही अशा एका केंद्रावर मदतीला जातो. परवा एका बाईने डाळीचा पुडा परत केला. न शिजवता खाता येईल असं काही द्या, म्हणाली. विजेच्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे उरले नव्हते.

पण ते पाकीट तिला फेडावं लागत नाही. आमच्याकडे कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाची आगाऊ उचल घेऊनच गाव सोडते. ती उचल बहुतेकदा दवाखान्यात नाहीतर लग्नात आधीच संपलेली. मग हंगामभर झोपडीवजा कोपीत राहायचं, ऊस तोडून ती फेडायची आणि उसाचे वाढे विकून मीठमिरची आणायची. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, चांगलंच झालं. पण खाड्याचा दंड सुटलेला नाही. पाळीमुळे खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये पत्रलेखकांनीही वाचल्या असतीलच!

तुलना जरूर करावी. फक्त कर्ज कुणाच्या डोक्यावर आहे, तेही त्यात धरावं.

एक विद्यार्थी, लीड्स
(मूळ गाव ता. धारूर, जि. बीड)