कोयत्याची धार आणि समाजाची नजर

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळीची खिंड ओलांडून कोलाडच्या दिशेने निघाले की खांब हे गाव लागते. रोहे तालुक्यातील या पट्ट्यात कामावर निघालेल्या कष्टकऱ्याच्या कमरेमागे आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. घड्याळ किंवा चष्मा जवळ असावा तितक्या सहजपणे तो जवळ असतो. दुसरीकडे मोठ्या शहरांतील नोकरदार तरुणांत अलीकडे एक नवा छंद रुजू लागला आहे. जुन्या घडणीचे, मिटणारे चाकू जमवावेत आणि त्यांतला एक रोज खिशात बाळगावा, असा तो छंद आहे. कोणी फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल मागवतो, कोणी स्वित्झर्लंडचा लाल चाकू, तर कोणी रामपूरचा. पाते जवळ बाळगण्याच्या या दोन रीतींकडे समाज मात्र एकाच नजरेने पाहत नाही. छंदिष्टाच्या खिशातील चाकू अभिरुचीचा ठरतो आणि मजुराच्या कमरेचा कोयता संशयाचा. या दुजाभावाचा विचार करण्याची वेळ आली आहे.

प्रथम कोयत्याचे काम पाहू. उत्तर कोकणातील भातशेतीत राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. झाडांची कवळ तोडावी, ती वाळवून रोपांच्या जागेवर पसरावी, भाजावी आणि मग पेरणी करावी, या साऱ्या खटाटोपाची सुरुवात कोयत्याने होते. कुंपणाची काटी, घरासाठी बांबू, चुलीसाठी सरपण, सोललेला नारळ, वाटेत आडवी आलेली फांदी, या प्रत्येक ठिकाणी तेच एक पाते उपयोगी पडते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही भांडवली वस्तू आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा कातकरी मजुराच्या मालकीचे उत्पादनाचे साधन अनेकदा एवढेच असते. कारखानदाराला जसे यंत्र, तसा त्याला कोयता. तो घरी ठेवून ये, असे सांगणे म्हणजे रोजगार घरी ठेवून ये, असे सांगणे होय.

लेखणीवर जगणाऱ्या वर्गाला हे परके वाटण्याचे कारण नाही. जोपर्यंत बोरूने लिहिले जात होते, तोपर्यंत दौतीशेजारी कलमतराश असलाच पाहिजे, अशी स्थिती होती. बोरूचे टोक झिजले की ते नव्याने तासावे लागे. ज्याला बोरू तासता येत नसे त्याचे अक्षर वळणदार होणे कठीण. पुढे टाक आला, झरणी आली, बॉलपेन आले आणि चाकू कारकुनाच्या मेजावरून उतरला. शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा काही काळ टिकला. त्याचीही जागा प्लॅस्टिकच्या शार्पनरने घेतली. पानसुपारीच्या चंचीतील अडकित्ताही असाच मागे पडला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहिले म्हणजे घरगुती पात्यावर कारागिराने किती जीव ओतला होता, हे कळते. काका केळकरांनी ते जमवले नसते, तर बहुतेक भंगारात गेले असते. संग्राहकाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु संग्रहालयाची मर्यादाही तिथेच दिसते. वस्तू वाचते, पण ती घडवणारा हात आणि तिला धार देणारी व्यवस्था काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

ही व्यवस्था काय होती? बलुतेदारीत लोहार वर्षभर गावाची अवजारे घडवी, शेवटी, धार लावी. त्याचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. देशावर ही घडी पक्की होती. कोकणात खोतीमुळे तिचे रूप सैल होते. तिच्यातील अर्थकारण मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. मोबदला वर्षाचा ठरलेला असल्याने अवजार वारंवार दुरुस्तीला येण्यात लोहाराचा फायदा नव्हता, उलट कष्टच होते. पाते जितके टिकाऊ, तितकी लोहाराला विश्रांती. म्हणजेच टिकाऊपणात घेणारा आणि घडवणारा या दोघांचेही हित होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने लोहाराला जातीशी जखडले, त्याच्या श्रमाचे मोल पाटलाच्या मर्जीवर सोडले आणि मुलाने दुसरा धंदा निवडण्याची वाट अडवली. ती मोडली हे योग्यच झाले. मात्र ती मोडताना दुरुस्तीची हमीही मोडली आणि तिच्या जागी दुसरी हमी उभी राहिली नाही.

त्या जागी जे आले त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे तुकडे मोडून फेकण्याच्या पात्याचा कटर. १९५६ मध्ये जपानच्या ओसाका शहरात योशिओ ओकादा यांनी ही युक्ती काढली. धार गेली की टोकाचा तुकडा मोडायचा, पुढचा तुकडा तयार. कल्पना निःसंशय बुद्धिमान होती. आज कचेऱ्यांत, दुकानांत, छापखान्यांत हाच कटर दिसतो. पण त्याच्यासोबत एक मनोवृत्तीही आली. धार ही जोपासण्याची गोष्ट राहिली नाही, ती विकत घेण्याची गोष्ट झाली. खांबसारख्या महामार्गालगतच्या गावाचा व्यवहार याच्या अगदी उलट आहे. मालमोटारीच्या स्प्रिंगचा निकामी पाटा भट्टीत घालावा, घणाखाली ठोकावा, पात्याला पाणी द्यावे आणि त्याचा कोयता करावा, ही खेड्यांतील लोहारांची जुनी कला आहे. ज्याला आज पुनर्वापर असे भारदस्त नाव देऊन परिषदा भरवल्या जातात, तो या भट्ट्यांवर कोणत्याही परिषदेविना होत आला आहे. असा कोयता धारेला घासत घासत वर्षानुवर्षे वापरता येतो. पाते झिजून अरुंद झाले तरी त्याची किंमत शून्य होत नाही.

आता संशयाच्या प्रश्नाकडे वळू. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास कोयते हाती घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांमुळे ‘कोयता गँग’ हा शब्द घरोघरी पोहोचला. लोकांची भीती खरी होती आणि पोलिसांनी कठोर होणे आवश्यकच होते. परंतु त्या काळात कोयता ही वस्तूच गुन्हेगार ठरू लागली. ती विकणाऱ्याकडे आणि विकत घेणाऱ्याकडे शंकेने पाहिले जाऊ लागले. वास्तविक कायदा याहून शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राची व्याख्या करताना निव्वळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. त्याखालील नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा वर्ग केला, तेव्हाही घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती त्यातून बाहेर ठेवली. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाईहुकूम जारी झाला, तर चाकूच काय, काठीही बाळगता येत नाही. पण तो ठरावीक क्षेत्रापुरता आणि मुदतीपुरता असतो. कायद्याची कसोटी हेतूची आहे, वस्तूच्या आकाराची तिच्यानंतर. चौकातल्या चर्चेत मात्र हा क्रम उलटा होतो.

भीतीपोटी हा क्रम उलटला की काय घडते, याचा दाखला जपानमध्येच सापडतो. तेथील मिकी शहरात हिगोनोकामी नावाचा साधा मिटणारा चाकू बनत असे आणि शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर व्यासपीठावर हत्या झाली. हत्यार होते आखूड तलवारीसारखे, खिशातला चाकू नव्हे. तरीही मुलांच्या हाती पाते देऊ नये, अशी मोहीम देशभर पसरली. पेन्सिली तासण्याची यंत्रे त्याच काळात आल्याने तिला बळ मिळाले. आज त्या नावाने चाकू घडवणारे एकच घराणे तेथे उरले आहे. आपल्याकडे रामपूरची कथा याहून निराळी नाही. हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकूला खलनायकाच्या हाती दिले, निर्बंधांनी त्याची लांबी घटवली आणि ग्राहक दुरावला. २०२३ मध्ये त्याच शहरातील चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारण्यात आला. कारागीर मात्र मोजकेच राहिले आहेत. कला जिवंत असताना तिला संशय आणि ती मरणाला टेकल्यावर तिला स्मारक, हा आपला शिरस्ताच झाला आहे.

यावर असे म्हटले जाईल की धंदा टिकवण्यासाठी सरकार काही करत नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहाराचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के दराने कर्ज मिळते. योजना स्वागतार्ह आहे. पण ती पुरवठ्याच्या बाजूची आहे. भट्टीला भांडवल मिळाले आणि भट्टीवर गिऱ्हाईकच आले नाही, तर कर्जाचा हप्ता कशातून फिटणार? मागणी सरकारी आदेशाने निर्माण होत नाही. ती समाजाच्या सवयींतून होते.

म्हणूनच छंदिष्टाची भूमिका महत्त्वाची ठरते. त्याचा छंद हास्यास्पद नाही. फेकून देण्याच्या युगात एखादी वस्तू वीस वर्षे जवळ ठेवावी, तिला तेल द्यावे, दगडावर घासून धार काढावी, ही इच्छा निरोगी आहे. फक्त तिची दिशा थोडी बदलायला हवी. कपाटात ठेवलेले पाते हे गोठलेले भांडवल आहे. वापरलेले पातेच लोहाराकडे परत जाते. दहा परदेशी चाकू मांडण्यापेक्षा एक पाते आपल्या तालुक्यातील भट्टीवर घडवून घ्यावे, त्याची योग्य किंमत घासाघीस न करता मोजावी आणि दरवर्षी धारेला तिथेच न्यावे.

शाळांनाही येथे काम आहे. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले अनेक झाली; भाजी चिरण्याच्या पात्याला सुरक्षितपणे धार कशी लावावी, हे मात्र दहावी झालेल्या मुलाला येत नाही. ज्याला धार लावता येते त्याला धारेची भीतीही नेमकी कळते, आणि जो पात्याचा उपयोग शिकतो तो त्याचा दुरुपयोग ओळखू लागतो. खांबच्या लोहाराला शाळेत दोन तासांसाठी मानधन देऊन बोलावले, तर मुलांना कौशल्य मिळेल आणि गावाला आपल्या कारागिराची ओळख पटेल.

राहता राहिला कमरेला कोयता लावून एसटीत चढणारा मजूर. त्याच्यासाठी नव्या कायद्याची किंवा योजनेची गरज नाही. त्याच्या कोयत्यावर कवळीचा चीक आहे की नाही, एवढे पाहण्याची तसदी सुशिक्षितांनी घेतली, तरी त्याच्यावरचा अर्धा अन्याय दूर होईल.