पहाटे सुरू न होणारी जुनी डिझेल गाडी : दोष थंडीचा नव्हे

आपल्या किनारपट्टीवरील बागायतदाराची जुनी जीप किंवा पिकअप पहाटे सुरू झाली नाही की, त्याचा दोष थंडीच्या माथी मारण्याची रीत पडून गेली आहे. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत हे उत्तर इतक्या सहजपणे मिळते की, ते तपासून पाहावे असे कोणास वाटत नाही. वस्तुतः अलिबागेस जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा १५ अंशांच्या खाली उतरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यातील डिझेल ३ अंशांनाही वाहते असले पाहिजे. काश्मीर-लडाखात डिझेल टाकीत गोठते, तसे येथे घडण्याचे कारण नाही. तेव्हा आपल्याकडे अडचण असते ती थंड हवेची नव्हे, तर रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनाची. आणि त्याची कारणे शोधून काढता येतात.

हा प्रश्न किरकोळ समजू नये. पांढऱ्या कांद्याच्या माळा, शहाळी किंवा सुपारी बाजारात वेळेवर न्यावयाची असता ऐनवेळी भाड्याची गाडी करावी लागली, तर त्या खेपेचा नफा भाड्यातच जातो. पुढे निदान न करताच ‘पंप उतरवा’ असा सल्ला मिळतो. डिझेल पंपाची दुरुस्ती हा या गाडीवरील मोठ्या खर्चांपैकी एक आहे. माझे स्पष्ट मत असे की, साध्या तपासण्या झाल्यावाचून पंपास कोणी पाना लावू देऊ नये.

डिझेल इंजिनास ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेले तत्त्व आजही तेच आहे : हवा अतिशय दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले तेल पेट घेते. म्हणून इंजिन जोराने फिरले पाहिजे, दाब पुरेसा झाला पाहिजे व तेल वेळेवर पोहोचले पाहिजे. १९८० च्या दशकातील महिंद्र जीपमधील प्यूजो धाटणीचे किंवा टेंपो ट्रॅक्समधील मर्सिडीज धाटणीचे इंजिन असेल, तर त्यास सुरू होताना हीटर प्लगच्या उष्णतेचीही जोड लागते.

तपासणीची सुरुवात धुरापासून करावी. एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल, तर तेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर तेल पोहोचते आहे, परंतु पेटत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे काम होते.

धूर नसेल तेव्हा प्रथम इंजिन बंद करावयाची तार पाहावी. खाऱ्या हवेने ती गंजते आणि बटण आत गेले तरी पंपावरील दांडा पूर्णपणे मागे येत नाही. त्यानंतर फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून गाडी सुरू करून पाहावी. असे केल्यावर ती लगेच सुरू होत असेल, तर रात्रीतून तेल टाकीकडे उतरते व नळीत हवा शिरते, असे समजावे. बाहेर थेंबही गळत नाही म्हणून पुष्कळ लोक फसतात. जेथून हवा आत जाते तेथून तेल बाहेर येईलच असे नाही. तांब्याचे वॉशर, चिरलेली रबरी नळी आणि हातपंपाचा वॉल्व्ह ही येथील नेहमीची ठिकाणे होत. पंपाकडे जाणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसविल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवणाऱ्यांनी फिल्टरच्या तळचे पाणीही काढावे.

पांढरा धूर येत असेल व इंजिन रडतखडत फिरत असेल, तर बॅटरीस दोष देण्यापूर्वी अर्थिंगची पट्टी पाहावी. माझ्या मते किनाऱ्यावर सर्वाधिक दुर्लक्षित झालेला भाग हाच. वरून पट्टी धड दिसते; नटाखाली मात्र हिरवट भुकटी व गंज साचलेला असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूस लावावी आणि सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर पट्टी उतरवून दोन्ही बाजू घासाव्यात. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब साडेनऊच्या खाली जात असेल, तर मात्र ती दुबळी झाली आहे.

इंजिन जोराने फिरते आणि तरीही पांढरा धूर येतो, अशा वेळी हीटर प्लग तपासावेत. त्यांची जोडपट्टी काढून बॅटरीच्या धन टोकापासून १२ व्होल्टचा दिवा एकेका प्लगच्या टोकास लावावा. दिवा न लागल्यास तो प्लग जळाला आहे. सर्व प्लग चांगले निघाले व त्यांच्यापर्यंत वीजही येत असली, तर टॅपेटचे अंतर, पंपाचे टायमिंग, नोझल व शेवटी कॉम्प्रेशन असा क्रम धरावा. रिंगा झिजलेल्या असतील, तर इंजिन उघडण्यास पर्याय नाही.

गाडी रोज उतारावर उभी करून ढकलत सुरू करणे ही आपल्याकडील जुनी युक्ती आहे. तिने दिवस निघतो, पण दोष वर्षभर लपून राहतो. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे हे तर टाळलेच पाहिजे. हीटर प्लगच्या इंजिनात ईथर अवेळी भडकून पिस्टन फुटू शकतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचीही सवय काही ठिकाणी आहे. त्याने पंपाचे वंगण कमी होते, आणि जो पंप निर्दोष होता तोच पुढे बिघडतो.

गावपातळीवरील कृषी कार्यकर्त्यांनी पीक-प्रात्यक्षिकाच्या दिवशीच अर्धा तास काढून अशी एक गाडी लोकांसमोर तपासावी. गटाने मिळून एक मल्टिमीटर घेतला, तर तो पाण्याच्या पंपाच्या इंजिनासही उपयोगी पडेल. गाडी मेकॅनिककडे न्यावयाची वेळ आलीच, तर धूर कसा होता, हातपंप मारल्याने फरक पडला काय आणि मल्टिमीटरने काय दाखविले, हे कागदावर लिहून न्यावे.