काळ्या दगडाचं गोत्र

मॉरिशसला जाऊन आले म्हटलं, की समोरचा बेसावधपणे विचारून बसतो, "हनिमूनला?" माझ्या केसांकडे नजर गेली, की तोच ओशाळतो आणि "समुद्र काय निळा असेल ना!" म्हणत सावरून घेतो. निळा आहे, खूपच निळा. पण त्या निळाईचे फोटो तुमच्या फोनवर केव्हाच येऊन पडलेत. म्हणून मी आज दगडांबद्दल लिहिणार आहे.

विमानतळातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. काही नुसतेच रचलेले, काही चांगले पायऱ्यापायऱ्यांचे, एखाद्या देवळाचं जोतं वाटावं असे. चालकाला विचारलं, तर म्हणाला, "आमच्या आज्या-पणज्यांनी उचललेत." १८३४ पासून पुढे हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसं इथे करारावर मजूर म्हणून आली. त्यांत मुंबई बंदरातून चढलेली रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. बेट ज्वालामुखीचं, त्यामुळे जिथे नांगर घालावा तिथे धोंडा. आधी धोंडे वेचायचे, मग ऊस लावायचा. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून माणसं आणल्याची कथा तिथे घरोघर ऐकू येते. सोनं सापडलं ते साखर कारखानदारांना.

मी गाडी थांबवायला लावली आणि एक दगड हातात घेतला. वजनदार, काळपट, अंगभर बारीक छिद्रं, दूध उतू जाताना सायीवर फुगे यावेत तशी. लाव्हा थिजताना आतला वायू अडकून राहतो, त्याच्या या खुणा. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. परसातली गडगी, विहिरीचं बांधकाम, उंबऱ्याची पायरी, सगळं असल्याच दगडाचं. साडेचार हजार किलोमीटरांवर येऊन माहेरची भिंत हाताला लागावी, तसं झालं.

आणि हा नुसता भास नाही. पृथ्वीच्या पोटात खोलवर एक जागा आहे, जिथून तप्त खडक सतत वर ढकलला जातो. आज ती रियुनियन बेटाच्या खाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिच्यावर हिंदुस्थानची भूमी होती. तेव्हा जो लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्याचं दख्खनचं पठार झालं, पुढे त्याच्याच पश्चिम कडेला सह्याद्री उभा राहिला. नंतर भूमी उत्तरेकडे सरकत गेली. म्हणजे चूल जागच्या जागी आणि वरचा तवा सरकतोय, असा प्रकार. तव्याला जिथे जिथे चटका बसला, तिथे तिथे फोड आला. लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळाखालचा कणा, चागोस, मग ९० लाख वर्षांच्या आसपासचं मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. भूगर्भशास्त्रज्ञ बहुतांशी असंच मानतात. मॉरिशसची चूल विझली आहे. दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या रियुनियनवर पितों द ला फुर्नेझ मात्र अजून वारंवार पेटतो. नात्याने सांगायचं तर सह्याद्री थोरला, मॉरिशस पुष्कळ मागून आलेला धाकटा, आणि रियुनियन अजून पाळण्यात.

हे कळल्यावर आमच्या सहल कंपनीचा कार्यक्रम मला फारच विनोदी वाटायला लागला. त्यात शामारेलच्या सप्तरंगी मातीला वीस मिनिटं आणि शेजारच्या दुकानाला चाळीस. ही माती म्हणजे लहानसा उघडा माळ. टेकाडांच्या लाटा, तांबड्या, विटकरी, जांभळट, पिवळसर, निळसर पट्ट्यांच्या. लाकडी कठड्याबाहेरून बघायच्या, पाय ठेवायचा नाही. सगळे सात रंग मोजण्यात गुंतले होते. माझे पाच भरले, पुढचं आमच्या गटातल्या उत्साही मंडळींवर सोडलं. मला आठवला तो कोकणातला सडा. उष्ण हवेत काळ्या खडकावर युगानुयुगं पाऊस पडत राहिला, की त्यातली सिलिका धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. लोहाने तांबडेपणा येतो. आपल्याकडे हाच व्यवहार होऊन जांभा झाला, आपण त्याचे चिरे काढून घरं बांधली. तिथे माती सुटी राहिली, रंग वेगळे निवळले आणि तिकीट लागलं. काचेच्या नळीत थर भरून ती विकतातही. रत्नागिरीतल्या कुणी अजून हा धंदा काढलेला नाही, हे आश्चर्यच.

क्यूरपिपचं त्रू ओ सेर्फ हे विवर आम्ही पहिल्या दिवशी "पाहिलं" असं म्हणायचं. गाव उंचावर, पावसाचं माहेरघर, त्या दिवशी धुकं असं की कठड्यापलीकडे काही नाही. इथे सुमारे तीनशे मीटर रुंद आणि ऐंशी मीटर खोल खड्डा आहे, अशी माहिती आम्हाला देण्यात आली. आम्ही ती उतरवून घेतली आणि खड्ड्याच्या दिशेने फोटो काढले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या विश्रांतीला दांडी मारून मी पुन्हा गेले. आत झाडी, तळाशी थोडं पाणी आणि कडेच्या रस्त्यावर जॉगिंग करणारे सरकारी नोकर. ज्वालामुखीच्या ओठावरून रोज संध्याकाळी पाच फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कसली भीती उरत असेल?

असंच आणखी एक विवर पाण्याने भरलं, ते ग्रां बासें. १९७२ मध्ये त्यात गंगाजल ओतलं गेलं आणि त्याचा गंगा तलाव झाला. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन चालत येतात. पण मला ओढ होती ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची, कारण पक्ष्याची एक गोष्ट तिथली आहे.

मॉरिशसचा पक्षी म्हणजे डोडो, एवढंच आपल्याला ठाऊक. डच १५९८ मध्ये आले आणि शे-शंभर वर्षांत डोडो संपला. मूळ जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी उरलंय. बाकी सगळीकडे ऊस, आणि रानातही बाहेरून आणलेल्या पेरूने दाटी केलेली. (तो पेरू चवीला फार छान लागतो. वनखात्याच्या माणसासमोर हे बोलायचं नाही.) पण इथला छोटा ससाणा, मॉरिशस केस्ट्रल, डोडोच्या वाटेने जाता जाता परतला. १९७४ मध्ये रानात त्याचे माहीत असलेले पक्षी होते अवघे चार. झाडाच्या ढोलीत घरटं केलं की बाहेरून आणलेली माकडं अंडी पळवत. एका जोडीने मात्र उभ्या कड्यातल्या कपारीत घरटं केलं, तिथे माकडाचा हात पोचेना. पुढे कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने पहिली अंडी काढून उबवणयंत्रात ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा घालते, असं करत करत संख्या शेकड्यांवर नेली. माणसाने फार केलं, पण पहिला आसरा दिला तो काळ्या कड्याने. मी दुर्बीण लावून तास काढला. ससाणा दिसला नाही, माकडं भरपूर दिसली.

दक्षिणेला ग्री ग्रीपाशी बेटाभोवतीचं प्रवाळाचं कडं तुटतं. तिथे निळं सरोवरबिरोवर काही नाही, समुद्र थेट खडकावर येऊन आपटतो. हरिहरेश्वर पाहिलंय ना? मग कल्पना येईल. सुईयाकजवळचा रॉचेस्टर धबधबा तर चौकोनी खांबांवरून पडतो. लाव्हा निवताना आकसून तडकला, त्याचे हे खांब. अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलची भावंडंच. ती आपण चारी बाजूंनी इमारतींनी वेढून टाकली, ते सोडा.

शेवटच्या दिवशी चालकाने घरी जेवायला नेलं. घर मराठी. आई कपाळाला कुंकू लावून बसलेल्या, बोलणं सगळं क्रेओलमध्ये, मराठी शाळेत शिकलेल्या नातवापुरतं. पण गणपतीत इथे जाखडी नाचतात, हे त्यांनी बसल्या बसल्या पावलं टाकून दाखवलं. स्वयंपाकघरात खाली, भिंतीशी, काळा पाटा होता. मधोमध वापराने खोलगट झालेला, कडेला हळदीचा पिवळा डाग, त्यावर आडवा वरवंटा. आईंनी बोट दाखवून सांगितलं, "सा रोस कारी, सा सो बाबा." हा रश्शाचा दगड, हे त्याचं बाळ. वरवंट्याला तिथे सगळेच, अगदी क्रेओल शेजारीसुद्धा, 'बाबा' म्हणतात, म्हणजे तान्हं मूल. मी नातवाला सांगितलं, आजीला सांग, आमच्याकडे बारशाला खऱ्या बाळाच्या आधी हाच वरवंटा कुंची घालून पाळण्यात ठेवतात. त्याने सांगितलं. आई इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

रोस कारी तिथे बाजारात विकत मिळतो. घ्यायचा फार मोह झाला होता, पण विमानात सामानाची मर्यादा आणि माझी बॅग आधीच साड्यांनी भरलेली. तुम्ही जाणार असाल तर एवढं ऐका, साड्या दोनच न्या.