चिकन सोडलं, पण वाचलेले पैसे गेले कुठे?

गोव्याचा कार्निव्हल तुम्हाला माहीत असतोच. गेला नसाल तरी रीलमध्ये पाहिलेला असतो. रंगीत चित्ररथ, किंग मोमो, पणजीतली गर्दी. हा सगळा धुडगूस मंगळवारी संपतो. का संपतो, ते मात्र रीलमध्ये नसतं. बुधवारी कपाळाला राख लागते आणि कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो. पुढचे चाळीस दिवस खाणंपिणं, मौजमजा सगळं आवरतं घ्यायचं, म्हणून आधीचे चार दिवस हौस भागवून घ्यायची. आम्ही रावेतमध्ये राहतो. आमच्याकडे चित्ररथ वगैरे काही नाही. थेट राख.

यंदा हा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला. त्याच्या आधीच्या रविवारी महाशिवरात्र झाली होती आणि त्याच आठवड्यात रमजानही लागला. म्हणजे आकुर्डी-रावेतच्या कुठल्याही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्या आठवड्यात एका टेबलावर तीन उपवास बसलेले असणार. मला तिथेच प्रश्न आला, ‘शिवरात्र तर झाली, तू आज भस्म कसलं लावलंयस?’ तर ही राख झावळ्यांची असते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या वाटतात. घरोघरी त्या क्रुसामागे खोचून ठेवतात आणि पुढच्या वर्षी गोळा करून जाळतात. तीच राख कपाळाला लावताना फादर आठवण करून देतात की आपण मातीचे आहोत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ही आठवण वेगळी द्यावी लागत नाही, पण असो.

गंमत पुढे आहे. त्या दिवशी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, तो नेमकं उलटं सांगतो. उपवास करताय ना? मग तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, उतरलेले चेहरे घेऊन फिरू नका, कुणाला कळूही देऊ नका. आणि हे ऐकून झाल्यावर आम्ही कपाळावर राख घेऊन पीएमपीच्या बसमध्ये चढतो.

नियम म्हणाल तर फार कडक नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी पक्का उपवास, तोही १८ पूर्ण झालेल्यांना आणि ५९ पूर्ण व्हायच्या आतल्यांना. दिवसात एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा अगदी थोडं. आजारी माणसाला, गरोदर बाईला, अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला सूट. शिवाय शुक्रवारी मांस नाही. पप्पा चाकणला कंपनीत आहेत. सेकंड शिफ्ट असली की शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये होणारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची ती चौदा स्थानं, त्यांची चुकते. मग ते घरातून निघायच्या आधी एकटेच करून जातात. आणि चाळीस दिवस म्हणतात ते कॅलेंडरवर मोजाल तर शेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार धरत नाहीत. आमच्यातली काही हुशार मंडळी त्या रविवारांना ‘चीट डे’ म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधलं सीरो-मलबार पंथाचं मल्याळी कुटुंब हे ऐकून नुसतं हसतं. त्यांची सुरुवात दोन दिवस आधी, सोमवारीच होते, पन्नास दिवस चालते आणि त्यात मांसच काय, मासे-अंडीही नसतात.

आमच्याकडे मासे चालतात. आणि खरा घोळ इथेच सुरू होतो. मांस वर्ज्य म्हणून शुक्रवारी चिकन थाळी रद्द, आणि तिच्या जागी सुरमई थाळी! जी चिकन थाळीपेक्षा हमखास महाग असते. नियम तंतोतंत पाळला, बिल मात्र वाढलं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण तुम्ही घरात ऐकली असेल. साबुदाणा खिचडी, वरईचा भात, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू. या बाबतीत सगळे धर्म एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

माझं म्हणणं असं आहे की उपवासात जे वाचतं, ते दुसऱ्या कुणाकडे गेलं नाही, तर त्याला उपवास म्हणू नये. फार तर मेन्यूत बदल म्हणावं.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. उपवासकाळाच्या शिकवणीत प्रार्थना, उपवास आणि दान या तिन्ही गोष्टी एकत्रच येतात. आमच्या पिढीने त्यातली मधली तेवढी उचलली, कारण तीच दिसते आणि तीच मोजता येते. फेब्रुवारी आला की ग्रुपवर एकच चर्चा, ‘यंदा काय सोडणार?’ कुणी चॉकलेट सोडतं, कुणी कोल्ड्रिंक, कुणी इन्स्टा. मग रोजचा हिशोब, किती दिवस टिकलं, कुणाचं तुटलं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. मनावर ताबा येतो, वजनही उतरतं. पण सोळा-आठचं इंटरमिटंट फास्टिंग करणारा तुमचा जिमवाला मित्रही हेच करतो, आणि तो त्याला निदान डाएट म्हणतो. इन्स्टा डिलीट करून रोजचा दीड तास वाचवलात, छान. तो दीड तास गेला कुठे? यूट्यूबवर गेला असेल तर दुकान तेच, फक्त काउंटर बदलला.

आमचं मूळ घर हरेगावच्या बाजूला. सप्टेंबरात तिथे मतमाउलीची यात्रा भरते, नगरकडच्या मित्रांना विचारा, ते सांगतील. आज्जीच्या लहानपणी तिथे मटण सणासुदीलाच शिजायचं. मग शुक्रवारी सोडणार काय? जे ताटात कधी नव्हतंच, ते सोडण्यात कसलं पुण्य? म्हणून तिच्या आईने वेगळी सोय काढली होती. उपवासकाळात रोज भाकरीचं पीठ काढताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ईस्टरच्या आधी ते मडकं अशा घरी जायचं, जिथे यांच्यापेक्षाही कमी होतं. आज्जी सांगते, एका भाकरीत मूठभर पीठ कमी झालं की ते पोटाला कळतं. कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये या मुठीसाठी रकाना नाही.

रमजानचं गणितही या बाबतीत स्पष्ट आहे. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा, म्हणजे ज्याच्याकडे काही नाही त्याच्याही घरी ईद होते. सणाच्या आधी देणं चुकतं करायचं. मला ही शिस्त फार आवडते.

आता जरा टोचणारं. राखेच्या बुधवारानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी चर्चमध्ये यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. त्यात उपवास करणारे देवाकडे तक्रार घेऊन येतात की आम्ही एवढे उपवास केले, तुझं लक्षच नाही. आणि देव त्यांना सुनावतो की उपवासाच्या दिवशीही तुम्ही तुमच्या कामगारांना पिळूनच घेताय. नंतर तो सांगतो, उपवास करायचाच तर भुकेल्याला तुमच्यातली भाकरी द्या. काही हजार वर्षांपूर्वीचा मजकूर आहे आणि तो रावेतच्या एखाद्या टॉवरच्या गेटवर चिकटवला तरी जुना वाटणार नाही. त्याच गेटवर बारा तास उभा असलेला वॉचमन असतो. शेजारच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहून आपल्यासाठी पुढचा टॉवर बांधणारी कुटुंबं असतात. आपण आठव्या मजल्यावर गुड फ्रायडेचा उपवास करतो आणि धुणीभांड्याच्या मावशींनी त्या आठवड्यात दोन खाडे केले म्हणून पैसे कापतो. हे दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी होऊ शकतं आणि कुणाला काही खटकत नाही.

मग काय, शुक्रवारी बाहेरून मागवणं बंद करायचं? मी तसं ठरवलं होतं. भाऊ म्हणाला, तू ऑर्डर केली नाहीस तर डिलिव्हरीवाल्या पोराची एक फेरी कमी होणार, तुझ्या उपवासाचा भुर्दंड त्याला कशाला? बारावीतल्या पोराला इतकं सुचतं, ते सीईटीच्या अभ्यासात का सुचत नाही देव जाणे. पण मुद्दा खोटा नाही. माझ्या न खाण्याने आपोआप कुणाचं पोट भरत नाही. मधे कुणीतरी ते उचलून न्यावं लागतं.

म्हणून आमच्या घरी सध्या बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेला. शुक्रवारी घरात साधं वरण-भात-भाजी होते, सुरमई नाही. आईचा हुकूम आहे! एरवी बाहेर खाल्लं असतं तर किती खर्च झाला असता, ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे त्या डब्यात टाकायचं. आठवड्याला एक सिनेमा किंवा दोन कॉफ्या सोडल्या तर तेही त्यातच. मावशींना गुड फ्रायडेची, म्हणजे ३ एप्रिलची, पगारी सुट्टी द्यायची हे आईने आधीच सांगून टाकलंय. ते डब्यातून नाही, घरखर्चातून. तिच्या मते ते दान नाही, पगार आहे.

तुम्ही कॅथलिक नसाल तर हा डबा तुम्हाला लागू नाही असं समजू नका. तुमच्या घरी चतुर्थी असेल, एकादशी असेल, रोजे असतील, नाहीतर नुसतंच ‘नो शुगर’ असेल. झाकणाला चीर पाडायला दोन मिनिटं लागतात.

२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, आमचा डबा उघडायचाय. पप्पांचं म्हणणं, चर्चमार्फत कॅरिटास इंडियाच्या उपवासकाळातल्या मोहिमेला द्यावा, ते लोक वर्षानुवर्षं हे काम करतायत. भावाला शेजारच्या साइटवरच्या पोरांसाठी वह्या घ्यायच्यात. आज्जी फोनवरून म्हणते, वह्या नंतर, आधी पीठ. भांडण अजून मिटलेलं नाही आणि डबा अर्धाच भरलाय.