ना धड मोटार, ना धड ट्रक

एखादे पुस्तक कोणत्या वाङ्मयप्रकारात मोडते हे कळेनासे झाले, की वाचक प्रथम गोंधळतो आणि मग बहुधा ते खाली ठेवतो. कादंबरी म्हणून उघडलेले पुस्तक आत्मकथन निघाले, तर आपण आपल्या अपेक्षा पुन्हा जुळवून घेतो. पण ज्याला नावच सापडत नाही त्याच्याकडून अपेक्षा तरी कोणती बाळगायची? साहित्याच्या वर्गात नेहमी निघणारा हा प्रश्न मला अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला : अमेरिकेतील मोटारींच्या बाजारात. मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेली, पुढून मोटारीसारखी आणि मागे डिकीच्या जागी उघडा हौदा असलेली पिकअप अमेरिकेत चालेल का, हा तिथला जुना वाद आहे. वरवर पाहता तो अभियांत्रिकीचा किंवा अर्थकारणाचा वाटतो. माझ्या मते तो बऱ्याच अंशी वाचनाचा, म्हणजे अर्थ लावण्याचा वाद आहे. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालायला हरकत नाही.

पिकअप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाजार समितीच्या आवारात कांद्याची पोती उतरवणारे वाहन येते. ते मालवाहू आहे, यापलीकडे आपण त्याला फारसा अर्थ चिकटवत नाही. अमेरिकेत तसे नाही. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून तिथे सर्वाधिक खपणारी ट्रक-मालिका आहे. २०२४ साली तिची सात लाखांहून अधिक वाहने विकली गेली. ही सारी वाहने शेतावर किंवा बांधकामावर राबतात असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या, २०१९ साली चर्चेत आलेल्या पाहणीनुसार, सुमारे तीन चतुर्थांश ट्रकमालक वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा आपल्या वाहनाला काही जोडून ओढतात. म्हणजे ओढण्याची ताकद विकत घेतली जाते, ती वापरण्यासाठीच असे मात्र नाही. ‘मी स्वावलंबी आहे, मातीशी माझे नाते आहे’ हे विधान ट्रक आपल्या मालकाच्या वतीने करत असतो. ज्या वस्तूचा अर्थ तिच्या उपयोगाहून मोठा होतो, तिच्या जागी केवळ अधिक सोयीची वस्तू आणून ठेवता येत नाही. आपल्या प्रश्नाची खरी अडचण इथे आहे.

या संकरित वाहनाची जन्मकथा ऑस्ट्रेलियातली आहे. व्हिक्टोरिया राज्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, असे सांगितले जाते. रविवारी चर्चला जाताना अंगावर पाऊस येऊ नये आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजाराला नेता यावीत, अशी तिची मागणी होती. जिलाँगच्या कारखान्यातील ल्यू बँट या तरुण आरेखकाने तसे वाहन सिद्ध केले आणि १९३४ मध्ये ते बाजारात आले. ऑस्ट्रेलियन माणसाने त्याला ‘यूट’ असे लाडके, सुटसुटीत नाव दिले. दोन मोटारी परवडत नसलेल्या घराची गरज या वाहनाने भागवली. आणि नाव मिळाल्यामुळे तो एक स्वतंत्र प्रकार झाला. ट्रक म्हणून ते उणे आहे की मोटार म्हणून ओबडधोबड आहे, हा प्रश्न तिथे फारसा उरला नाही.

अमेरिकेने हा प्रकार कधी स्वीकारलाच नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते खरे नाही. फोर्डची ‘रँचेरो’ १९५७ मध्ये आली आणि १९७९ पर्यंत टिकली. या काळात ती पाच लाखांहून अधिक खपली. शेव्हरोलेची ‘एल कमिनो’ १९५९ मध्ये आली, दोन वर्षांत थांबली, १९६४ मध्ये परतली आणि १९८७ पर्यंत चालली. दोन्ही नावे स्पॅनिश आहेत, हा योगायोग नसावा. एक नाव पशुपालकाचे, दुसरे वाटेचे. मोटारीच्या देहात नैऋत्य अमेरिकेतील कुरणांचा वारा भरण्याचा तो प्रयत्न होता. मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एल कमिनोला प्रचंड शक्तीची इंजिने बसू लागली आणि तिचा हौदा कामाच्या जागेपेक्षा शोभेचा भाग होत गेला. त्याच सुमारास जपानी छोटे ट्रक येऊ लागले होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी फोर्ड आणि शेव्हरोले यांनीही आपापले छोटे ट्रक आणले. ज्याला काम होते तो तिकडे गेला. ज्याला मिरवायचे होते त्याला पुढे निराळी साधने मिळाली. मधल्या प्रकाराचा वाचकवर्ग असा दोन्ही बाजूंनी ओसरला.

या कथेत एक विनोदी वाटावे असे, पण परिणामाने गंभीर प्रकरण आहे. साठच्या दशकारंभी स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर पश्चिम युरोपीय देशांनी कर वाढवला. त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयातकर बसवला. बाकीच्या वस्तू पुढे सुटल्या. ट्रकवरचा ‘कोंबडी कर’ राहिला. मोटारीवर कर अगदी थोडा आणि ट्रकवर २५ टक्के, अशी स्थिती झाल्यावर ‘ही वस्तू कोणत्या प्रकारात मोडते?’ हा प्रश्न थेट पैशांचा झाला. सुबारूने त्याचे उत्तर मोठ्या चातुर्याने दिले. १९७८ पासून अमेरिकेत विकलेल्या ‘ब्रॅट’ या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात कंपनीने मागे तोंड करून बसायच्या दोन खुर्च्या जोडून टाकल्या. खुर्च्या आहेत म्हणजे प्रवासी वाहन. प्रवासी वाहन म्हणजे मोटार! रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातील शेतावर अशी एक ब्रॅट होती. समीक्षकांनी वर्गीकरणाचे कितीही काटेकोर निकष लावले, तरी लेखक त्यांतून वाट काढतोच, त्यातलाच हा प्रकार. पण परदेशी कंपन्यांना स्वस्त, लहान पिकअप अमेरिकेत आणण्यापासून या कराने परावृत्त केले हे विसरता येत नाही. स्पर्धा नसल्याने देशी कंपन्यांना आपले ट्रक मोठे आणि महाग करत नेण्याची मोकळीक मिळाली.

पुढे २००३ च्या सुमारास सुबारूने ‘बाहा’ नावाची चार दरवाजांची पिकअप आणली. ती इंडियाना राज्यातच तयार होत असल्याने कराचा प्रश्न नव्हता. तरीही चार वर्षांत मिळून ती सुमारे तीस हजारच खपली. पाँटिॲकने २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन होल्डन यूट अमेरिकेत आणण्याचे जाहीर केले, तेव्हा नाव सुचवण्यासाठी लोकांनाच आवाहन केले. त्यातून शेवटी निघाले ते ‘जी-८ एसटी’. एसटी म्हणजे ‘स्पोर्ट ट्रक’. ज्याला ऑस्ट्रेलियात दोन अक्षरांचे घरगुती नाव होते, त्याला अमेरिकेत स्पर्धा घेऊनही नाव सापडले नाही! मंदीच्या तडाख्यात जानेवारी २००९ मध्ये हा बेत रद्द झाला आणि पुढे पाँटिॲकही बंद झाली. या अपयशाचे खापर नावावर फोडणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. पण नाव न सापडणे हे एका खोल अडचणीचे लक्षण होते, एवढे म्हणायला हवे.

मग हा प्रकार अमेरिकेत यशस्वी होऊच शकत नाही का? २०२१ मध्ये दोन नव्या पिकअप आल्या आणि त्यांनी या प्रश्नाची जणू प्रयोगशाळेतच परीक्षा घेतली. ह्युंदाईची ‘सांता क्रूझ’ आणि फोर्डची ‘मॅव्हरिक’ या दोन्हींचा पाया मोटारीचा. दोन्हींना चार दरवाजे आणि आखूड हौदा. ह्युंदाईने आपल्या वाहनाला ट्रक म्हणण्याचे टाळून ‘साहसी क्रीडावाहन’ अशा अर्थाचे नवे वर्गनाम दिले. त्याची रेषाही वळणदार ठेवली. फोर्डने मॅव्हरिकचे तोंड चौकोनी ठेवले आणि तिला निःसंकोच ट्रक म्हटले. २०२४ साली सांता क्रूझ सुमारे ३२ हजार खपली. मॅव्हरिक सव्वा लाखाहून अधिक.

या तफावतीमागे किंमत आहेच. मॅव्हरिक आली तेव्हा २० हजार डॉलरांना पाच डॉलर कमी, अशी तिची आरंभीची किंमत होती. शिवाय पेट्रोलसोबत विजेची मोटर असलेले काटकसरी हायब्रिड इंजिन त्याच किमतीत मिळत होते. फोर्डने २०१८ मध्येच अमेरिकेतील आपल्या नेहमीच्या मोटारी बंद करण्याचे ठरवले होते. तेव्हा ज्याला फोर्डची स्वस्त मोटार हवी होती, त्याला ती ट्रकच्या वेशात मिळाली, असेही म्हणता येईल. पण वेशाचे महत्त्व केवळ माझ्या कल्पनेतले नाही. होंडाची ‘रिजलाइन’ २००५ मध्ये आली तेव्हा तिच्या केबिनपासून हौद्याकडे उतरणारी तिरकी रेषा होती. ती कामाची गाडी होती, तिला पुरस्कारही मिळाले, पण ‘हा खरा ट्रक नव्हे’ हा शेरा तिचा पिच्छा सोडीना. २०१६ च्या आवृत्तीत ती रेषा सरळ झाली; पुढच्या फेरबदलात नाकही चौकोनी झाले. मोटारीचा देह तसाच राहिला. बदलला तो मुखवटा.

माझे उत्तर असे की मोटारीवर आधारलेली पिकअप अमेरिकेत यशस्वी होऊ शकते, झालीही आहे. पण आजवरच्या अनुभवावरून दोन अटी दिसतात. ती स्वस्त असली पाहिजे आणि आपण मोटार आहोत याची तिने वाच्यता करता कामा नये. यातली पहिली अट निकोप आहे. दुसरी मला अस्वस्थ करते.

अस्वस्थ होण्याचे कारण सौंदर्यदृष्टीचे नाही. उंच, चौकोनी तोंड हा ट्रकपणाचा अलंकार होऊन बसला आहे आणि हा अलंकार जीवघेणा आहे. अमेरिकेत २०२२ साली साडेसात हजारांच्या घरात पादचारी वाहनांखाली मेले. महामार्ग सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या आयआयएचएस या विमाकंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की बॉनेटची कड ४० इंचांहून उंच असलेल्या वाहनाच्या धडकेने पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या तोंडाच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. वर्षातून एकदा काही ओढण्यासाठी, किंवा न ओढण्यासाठी, घेतलेल्या वाहनाचा हा हिशेब रस्ता ओलांडणारा माणूस चुकता करत असतो. रँचेरो किंवा यूट यांचे ठेंगणे तोंड ही मागासलेली गोष्ट नव्हती. त्यांच्या चालकाला समोरचे मूल सहज दिसू शकत होते.

‘ग्राहकालाच मोठे हवे आहे’ असे यावर म्हटले जाईल. यात तथ्य आहे, पण ग्राहकाची आवड आकाशातून पडत नाही. इंधनबचतीचे अमेरिकी नियम १९७५ च्या कायद्यापासून मोटारींना कडक आणि हलक्या ट्रकना सैल राहिले. पुढे ते वाहनाच्या चाकांनी व्यापलेल्या जागेशी जोडले गेले : जागा मोठी, तर अपेक्षा कमी. लहान पिकअपसाठी ही शिक्षाच होती. जुलै २०२५ मध्ये या नियमांचा दंड शून्यावर आणला गेला. मोठ्या वाहनांना मिळणारी सवलत त्यामुळे निरर्थक झाली खरी, पण लहान वाहन काढण्याचा तोही धाक गेला. मॅव्हरिकचे काय झाले तेही पाहावे. पहिल्या काही वर्षांतच तिची आरंभीची किंमत २५ हजार डॉलरांच्या पलीकडे गेली. ती मेक्सिकोत तयार होते. २०२५ च्या नव्या आयातकरानंतर मे महिन्यात तिची किंमत आणखी वाढली. स्वस्ताईची अट अशी निसटू लागली, तर मुखवट्याची अट तेवढी उरेल.

मॅव्हरिक या शब्दाचाही इतिहास आहे. टेक्सासमधील सॅम्युअल मॅव्हरिक यांच्या वासरांवर मालकीचा डाग दिलेला नसे; त्यावरून कळपात न मोडणाऱ्याला हे नाव पडले. सत्तरच्या दशकात फोर्डने ते एका लहान मोटारीला दिले होते. आज ते ट्रकला दिले आहे. कळपाबाहेरच्याचे नाव मिरवणाऱ्या या वाहनाला कळपाचाच चेहरा लावावा लागतो, यातला उपरोध साहित्याच्या वाचकाला वेगळा सांगायला नको.

वाङ्मयप्रकाराच्या चौकटी वाचकाच्या सोयीसाठी असतात. त्या जाचू लागल्या की कुणीतरी लेखक त्या मोडतो, आणि त्याचे पुस्तक वाचले गेले की चौकटही हळूहळू रुंदावते. वस्तूंच्या बाबतीत ही रुंदी कायद्यानेही द्यावी लागते. कोंबड्यांच्या भांडणातून उरलेला कर उठवला आणि वाहनाच्या तोंडाच्या उंचीला मर्यादा घातली, तर लहान, ठेंगण्या, स्वस्त पिकअपला अमेरिकेत स्वतःच्या चेहऱ्याने उभे राहता येईल. व्हिक्टोरियातील त्या बाईने आपल्या पत्रात गाडी ट्रकसारखी दिसावी असे म्हटले नव्हते. रविवार आणि सोमवार दोन्ही निभावून नेणारे वाहन तिला हवे होते. अशा गरजेची माणसे अमेरिकेत कमी आहेत, असे मला वाटत नाही.