साबण कोणाच्या खात्यात?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ

विषय : केळापूर तालुक्यातल्या सार्वजनिक शौचालयांत हात धुवायला पाणी आणि साबण असण्याबाबत

महोदय,



विषय वाचून हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली पाठवावं, असं आपल्या कार्यालयाला वाटण्याचा संभव आहे. म्हणून ते उघड लिहिते आहे. साबण हा एका विभागाचा विषय असता तर केव्हाच मार्गी लागला असता. बसस्थानकावरचं शौचालय एसटीचं, बाजारातलं नगर परिषदेचं, तहसीलमधलं महसूलचं, दवाखान्यातलं आरोग्य विभागाचं, हमरस्त्यावरचं महामार्गवाल्यांचं आणि गावातलं ग्रामपंचायतीचं. हात मात्र एकाच माणसाचे. सकाळी पाटणबोरीहून निघालेली बाई दिवसभरात यातल्या तीन-चार ठिकाणी जाऊन येते. या सगळ्या विभागांना एका बैठकीला बोलावू शकेल अशी खुर्ची जिल्ह्यात एकच आहे, आणि तिच्यावर आपण बसलेले आहात.

आमचा तालुका नावाला केळापूर, कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्याला. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग (जुनी माणसं अजून त्याला सात नंबरच म्हणतात) तालुक्याला चिरत जातो. करंजीला यवतमाळ-वणी रस्ता त्याला छेदतो, पुढे पाटणबोरी, पिंपळखुटी आणि मग तेलंगण. ट्रकवाले, टिपेश्वरचे वाघ बघायला आलेले पाहुणे, कापसाच्या गाड्या, आदिलाबादकडचे व्यापारी, नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला येणारी माणसं, आणि आदिवासी विकास प्रकल्पाच्या ऑफिसात दाखल्यासाठी पोडावरून, म्हणजे आपल्या वस्तीवरून, आलेली कोलाम कुटुंबं, अशा सगळ्यांना या तालुक्यात कधी ना कधी आडोसा शोधावा लागतो. आडोसे वाढले आहेत, हे मान्य. २०१४ नंतर शौचालयं बांधली गेली, रंगली, त्यांचे फोटो निघाले. आकडे आपल्या दप्तरी असतीलच. माझं म्हणणं त्यांच्या दाराबाहेरच्या दीड हात जागेबद्दल आहे, जिथे बेसिन असतं.

एका शौचालयाचं वर्णन करते. कुठलं ते सांगत नाही, कारण सांगितलं की तेवढंच एक दुरुस्त होईल. दारावर निळ्या अक्षरांत ‘महिला’. आत दोन खोल्या, एकीची कडी शाबूत. बादली आहे, डबा नाही. बाजाराची पिशवी टांगायला खिळासुद्धा नाही, म्हणून ती दातात धरायची किंवा ओल्या फरशीवर ठेवायची. बाहेर आलं की बेसिन. त्याची तोटी काढून नेलेली आणि भोकात लाकडाचा गट्टू ठोकलेला. बेसिनमध्ये तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या, एक फाटकी पन्नी आणि वाळलेला चुना. वर आरसा मात्र लखलखीत, खाली देणाऱ्याच्या नावासकट. नाव टाकायला आरसा बरा पडतो. साबणाच्या वडीवर नाव टाकलं तरी ते चार दिवसांत धुऊन जातं.

तिथल्या राखणदाराला विचारलं, “दादा, साबण नाही ठेवत का?”

“ठेवतो ना, बाई. सकाळी ठेवला का दुपारी दिसत नाही. मंग घरून कुठलोक आणू?”

त्याचं काही चुकतं असं मला वाटलं नाही. त्याला फिनाईल मिळतं, ॲसिड मिळतं, खराटा मिळतो. साबण त्या यादीत नाहीच. त्याहून वाईट म्हणजे, ॲसिड ओतून भांडी घासणारा तो स्वतः हात कशानं धुतो? मी बघितलं तेव्हा त्यानं दाराशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या डब्यातलं पाणी दोन्ही हातांवर घेतलं, पँटला पुसले आणि शिदोरी सोडली. साबण आला तर तो आधी त्याच्या हाती पडायला हवा, नंतर आमच्या.

आता कोणी म्हणेल, गावाकडच्या माणसाला कुठला आलाय साबण, मातीनं हात चोळून त्याच्या पिढ्या गेल्या. या जिल्ह्यात तरी हे बोलू नये. २०१७ साली कपाशीवर फवारणी करता करता यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यावर चौकशा झाल्या, औषधांवर बोट ठेवलं गेलं, कंपन्यांवर ठेवलं गेलं, पंपांवर ठेवलं गेलं. ते सगळं व्हायलाच हवं होतं. पण फवारणारा मजूर दुपारी गावात येतो तेव्हा काय होतं, हे आपण कधी उभं राहून बघावं. पंप उतरवून तो पानठेल्यावर येतो. ठेलेवाला पन्नीत खर्रा घोटून देतो. मजूर तो तीन बोटांच्या चिमटीत धरून गालात ठेवतो. ज्या बोटांनी औषधाचं झाकण उघडलं, नोझल साफ केलं, तीच ती बोटं. फवारणीचं विष कातडीतून शिरतंच; इथे ते सरळ तोंडात जातं. औषध हाताला लागलं तर लगेच साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, ही फवारणीची अगदी पहिली सूचना. ती डब्यावरच्या पत्रकात इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्म्यालाही वाचता येऊ नये. पानठेल्याजवळच्या सार्वजनिक मुतारीला साबणाचं पाणी आणि चालू नळ असता तर सगळे वाचले असते, असा दावा मी करत नाही. पण हंगामात पोटात जाणारं विष थोडं तरी कमी झालं असतं. खर्रा बंद करा हे सांगून झालेलं आहे. तो बंद होईतो हात तरी धुवू द्या.

सॅनिटायझरचा उपाय कृपा करून सुचवू नये. २०२० मध्ये कचेऱ्यांच्या दारात पायानं दाबायचे स्टँड आले. एका व्हरांड्यात तो स्टँड आता ओल्या छत्र्या टांगायच्या कामी येतो. सॅनिटायझरनं आमच्या जिल्ह्याला जे दाखवलं ते आपल्याला ठाऊक असेलच. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे पोलिओच्या थेंबांऐवजी बारा लेकरांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. ती वाचली, हे नशीब. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून वणी परिसरात काही मजुरांनी ते पिऊन जीव गमावला. हे अपघात बाजूला ठेवले तरी मळलेल्या, तेलकट हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि कीटकनाशक तर त्यानं निघेल याचा भरवसाच नाही. मळ, जंतू आणि औषध हातावरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो तो साबणच. मातीत, कापसात, गाडीच्या ऑईलमध्ये राबणाऱ्या माणसांच्या तालुक्याला साबणाशिवाय गत नाही.

साबणानं हात धुण्याची सवय लोकांना लावली की वस्त्यांमधलं जुलाबाचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी उतरतं, असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांची बेरीज सांगते. आमच्याकडे पहिल्या पावसाबरोबर दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या लटकू लागतात, म्हणून हा आकडा सांगितला. पण साबण ठेवला की माणूस तो वापरतोच, असंही नाही. इंग्लंडमध्ये एका हमरस्त्यावरच्या थांब्यावर, म्हणजे आपल्या ४४ नंबरवरच्या ढाबा-पंपासारख्याच जागी, स्वच्छतागृहात गुपचूप यंत्रं बसवून मोजणी केली गेली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. साबण होता, पाणी होतं, तरी पुरुषांतल्या जेमतेम बत्तीस टक्क्यांनी साबण घेतला, बायकांतल्या चौसष्ट टक्क्यांनी. सुटाबुटातल्या साहेबांची ही कथा, तर आमच्या माणसाला अडाणी म्हणायचं कारण उरत नाही. त्याच मोजणीत दारावर निरनिराळी वाक्यं झळकवून पाहिली. जे सर्वांत जास्त लागू पडलं त्यात ना रोगाची भीती होती ना उपदेश. शेजारचा साबणानं हात धुतोय का, एवढंच विचारलेलं होतं.

आपल्याकडच्या पाट्या उपदेशानं ओथंबलेल्या असतात. गाडगेबाबांचं चित्र, खाली ‘स्वच्छता हीच ईश्वरसेवा’, त्याखाली कोरडा नळ. बाबा आमच्या विदर्भाचे. त्यांनी आधी खराटा चालवला आणि मग कीर्तन केलं, हा क्रम आपण उलटा केला आहे. पाटी लावायचीच तर नळ चालू झाल्यावर लावावी आणि वऱ्हाडीत लावावी : ‘बाजूचा साबण लावते का पाहा बरं!’ लोक हसतील, बाजूच्याकडे बघतील आणि लाजेकाजेनं हात पुढे करतील. कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्यांसाठी, न वाचणाऱ्यांसाठी, शेजारी एक चित्र असावं.

चोरीचं म्हणाल तर तिला तोड आहे. वडी ठेवूच नये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत चमचाभर कपडे धुण्याची पावडर, वर पाणी, झाकणाला सुईनं भोक, आणि बाटली तारेनं नळाला बांधलेली. बांगलादेशात अशा साबणपाण्याच्या बाटल्या घरोघरी वापरून पाहिल्या आहेत. असली बाटली कोणी घरी नेत नाही, आणि नेलीच तर दुसरी भरायला दोन रुपयेही लागत नाहीत. उन्हाळ्यात नळ आटतात, हेही खरं. पण हात धुवायला फार पाणी लागत नाही. तोटी बसवलेला एक ड्रम रोज सकाळी भरला तरी एका बेसिनचं काम भागेल. तोटी पितळेची नको, ती भंगारात जाते. प्लास्टिकची चालेल.

यात पैशाची अडचण नाही, अडचण खर्चाच्या जातीची आहे. शौचालय बांधायला निधी एकदाच लागतो, त्याचं उद्घाटन होतं. साबण रोज लागतो, त्याचं उद्घाटन कोण करणार? म्हणून तो कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आपणच आहात, तेव्हा हे मी आपल्याला शिकवायला नको. देखभालीच्या प्रत्येक ठेक्यात फिनाईलच्या खाली ‘हात धुण्याचा साबण’ अशी एक ओळ वाढवावी. तपासणीला येणाऱ्यानं भांड्याचा फोटो काढतो तसा चालू नळाचा आणि भरलेल्या बाटलीचाही काढावा, आणि तो नसेल तर देयकातून रक्कम कापावी. आणि बेसिन आतल्या बाजूला, पैसे घेणाऱ्याच्या टेबलापलीकडे असू नये. भाकर खाण्याआधी नुसते हात धुवायला आलेल्या माणसाकडे पाच रुपये मागितले जातात तेव्हा तो न धुताच जेवतो. पेट्रोल पंपांवर शौचालयाची सोय मोफत हवी, हा तेल कंपन्यांचाच नियम आहे. त्यात हात धुणं आलंच, एवढं पंपचालकांना एका पत्रानं कळवता येईल.

बायकांबद्दल वेगळं लिहावं लागतं, याचा कंटाळा आला आहे, पण लिहिते. मुंबईत ‘राइट टू पी’ म्हणत बायका २०११ पासून भांडत आहेत. तिथे भांडण मुतारीच्या संख्येवरून आणि पैशावरून सुरू झालं. आमचं त्याच्या एक पायरी पुढचं आहे. पाळी चालू असलेल्या बाईला पाणी दाराच्या आत लागतं. हात माखलेले असताना बाहेरच्या बेसिनपर्यंत, पुरुषांच्या रांगेसमोरून, ती चालत जाणार नाही. ती ओढणीला हात पुसेल, किंवा सकाळपासून पाणीच न पिता तहसीलच्या रांगेत उभी राहील. दुसरा प्रकार इथे इतका चालतो की त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं आहे. आत एक तोटी, एक बाटली, एक डबा आणि पिशवीसाठी खुंटी. खुंटी विसरू नये. हातात पोर आणि पिशवी असलेल्या बाईला दोन्ही हात मोकळे मिळाले तरच ती ते धुवू शकते.

सुरुवात कुठून करावी, याचंही सुचवते. १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिवस २००८ पासून पाळला जातो. शाळेत मुलं ओळीनं उभी राहतात, हातावर फेस, फोटो, टाळ्या. त्याच सुमाराला इकडे नवरात्र-दिवाळी असते, कापूस वेचणीला येतो आणि माणसांची ये-जा वाढते. या वर्षी तो कार्यक्रम शाळेत न करता नवरात्रात, केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेत करावा. फिरती शौचालयं आली की त्यांच्या शेजारी आणि महाप्रसादाच्या पंगतीच्या तोंडाशी, दोन्हीकडे ड्रम, तोटी आणि साबणपाणी ठेवावं. पंगतीला माणूस हातानं जेवतो, म्हणून तिथली सोय शौचालयाजवळच्या सोयीहून जास्त मोलाची. भाविक मंडळी आणि कॉलेजातली एनएसएसची पोरं बाटल्या भरायला आनंदानं उभी राहतील, बोलावणं तेवढं वरून यावं. यात्रेत जमलं की तेच ड्रम बाजारात आणि बसस्थानकाजवळ हलवावेत, आणि पुढच्या जूनमध्ये, फवारणी सुरू व्हायच्या आत, पानठेल्यांच्या चौकात.

बैठक लावलीच तर त्या राखणदारांपैकी दोघा-तिघांना खुर्ची द्यावी. साबण किती वाजता नाहीसा होतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

कळावे,

आपली,
केळापूर तालुक्यातली एक रहिवासी

प्रत माहितीसाठी : मुख्याधिकारी, नगर परिषद, पांढरकवडा, तहसीलदार, केळापूर, गटविकास अधिकारी, पंचायत समिती, केळापूर, प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, पांढरकवडा